पणज्याचे बूट

आमच्या घरात पलटणीची एकही वस्तू नाही. बिल्ला नाही, पट्टा नाही, फोटो नाही. डिस्चार्जचं पुस्तक होतं ते वाळवीनं खाल्लं. बूट होते, त्यांचं पुढं सांगतो. तरी आमच्या वाडीत आम्हाला पलटणवाले म्हणतात. माझा पणजा दुसऱ्या महायुद्धात महार पलटणीत शिपाई होता, एवढ्या एका गोष्टीवर हे नाव तीन पिढ्या टिकलंय. लग्न जमवताना बाप ते सांगतो. नळावरच्या भांडणात आय सांगते. मी ते कवितेत सांगितलं, आणि तिथंच घोटाळा झाला.

दोस्तहो, मी काही शिकलेला लेखक नाही. दहावीनंतर गिरणीत लागलो. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत सुताची गिरणी, बारा तासांची पाळी, कंत्राटी. जे काही वाचलं ते विहारातल्या कपाटातलं आणि पाळी सुटल्यावर उसनं मागून आणलेलं. तेव्हा भाषा इकडची तिकडं झाली तर चालवून घ्या.

गेल्या एक जानेवारीला आम्हा पाळीवाल्यांना कोरेगावला जायला जमलं नाही. म्हणून पोरांनी पनवेलातच, विहाराच्या अंगणात कार्यक्रम ठेवला. मी कविता वाचली. पणजा लढाईवरून परत येतो. खिळ्यांचे बूट वाजवत गावात शिरतो. खोताच्या अंगणात तसाच जातो. खोत ओटीवरून बघत राहतो आणि अंगणाची फरशी तडकते, अशी ती कविता. फरशी तडकली तिथं पोरं उठून उभी राहिली. 'जयभीम'चा असा आवाज झाला की पलीकडच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत आले. एकानं मोबाईलवर घेतली ती कविता. दोन दिवसांत ती कुठं कुठं फिरली.

आजा पहिल्या रांगेत खुर्चीवर होता. पणज्याचा थोरला मुलगा तो. पंच्याऐंशीला आलाय, डोळ्यांनी कमी, कानांनी शाबूत. घरी आल्यावर आय त्याला भाकरी कुस्करून देत होती. तो म्हणाला,

"कविता बरी हाय. पन त्यानं बूट काडलं व्हतं."

मी म्हणालो, कोणी?

"माज्या बानं. मी त्याच्या बोटाला व्हतो. काडलं व्हतं त्यानं बूट."

आणि भाकरी खाऊ लागला.

त्या रात्री मला झोप आली नाही. लहानपणापासून ऐकत आलेली गोष्ट दुसरीच होती. ती कुणी रचली? बापानं? वाडीनं? की मीच? आजा म्हणाला, "तुमी कुनी इचारलंच न्हाई. तुमी सांगत व्हता, मी आयकत व्हतो."

तर आता विचारून विचारून जे कळलं ते लिहितो.

आम्ही मूळचे पनवेलचे नाही. महाडकडचे. पणज्याचा बाप खोताच्या जमिनीत कूळ होता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, पाणी ओंजळीत घेतलं, त्या गर्दीत तो होता. परिषदेचा मांडव आटोपत आला तेव्हा सवर्णांनी लोकांना झोडपलं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर गावोगाव काय झालं ते कमी सांगितलं जातं. तळ्यावर जाऊन आलेल्या माणसाला गावात कोण कुळानं ठेवणार? पणज्याच्या बापाची जमीन त्याच पावसाळ्याआधी काढून घेतली. बायको, एक म्हातारी आणि आठ वर्षांचा पोरगा घेऊन तो उत्तरेला निघाला. पेण, मग पनवेल. पनवेलपासून दोन कोसांवर, खाडीकाठच्या एका गावात थांबला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या घरातले नातू आज माझ्या ओळखीचे आहेत. एकाशी चांगली दोस्ती आहे.

उपरा महार म्हणजे काय हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नाही. गावच्या महाराला निदान वतन असतं, बलुतं असतं. शिळ्या भाकरीचं का होईना, मागायचा हक्क असतो. ते हाडकी-हाडवळ्याचं ओझं बाबासाहेबांनी फेकून द्या म्हणून सांगितलं ते बरोबरच, पण उपऱ्याकडं फेकायलासुद्धा काही नव्हतं. गावच्या महारवाड्यानंही आम्हाला शेवटची जागा दिली, नाल्याच्या कडेची. आपल्या माणसांबद्दल हे लिहायला नको वाटतं. पण तसं झालं.

जमीन मिळाली ती खारातली. मालक खरं तर सावकार, पण गाव त्याला खोतच म्हणायचं. खारजमीन म्हणजे समुद्राकडून उसनी घेतलेली. खाडीला मातीचा बांध घालायचा, आत गोड्या पावसाचं पाणी साठवून भात करायचं. भरतीला बांध खचला की खारं पाणी आत, आणि मग ती खाचरं दोन-तीन पावसाळे धुतल्याशिवाय धड पिकत नाहीत. बांध राखायचा कुळानं, बुडालं तर कुळाचं, पिकलं तर अर्धं मालकाचं. कागद नाही. सगळं तोंडी. पणजा या चिखलात वाढला. राब भाजायला, लावणीला, उधाणाच्या रात्री बांधावर कंदील धरून बसायला. तिथंच त्याचं लग्न झालं, तिथंच १९४० साली आजा जन्मला.

पुढच्या पावसाळ्यात बांध फुटला.

आता पलटणीचं सांगतो. हे मी पुस्तकांतून जमवलंय. आपण दरवर्षी स्तंभापाशी जातो, पण मधली वर्षं विसरतो.

१ जानेवारी १८१८ ची लढाई आणि त्या स्तंभावरची 'नाक' शेवटी असलेली २२ नावं आपल्याला पाठ आहेत. १९२७ च्या एक जानेवारीला बाबासाहेब स्वतः तिथं गेले होते, म्हणजे महाडच्या अडीच महिने आधी. पण त्या लढाईला पुरती पाऊणशे वर्षंही झाली नव्हती तेव्हा, १८९२ च्या सुमाराला, इंग्रजानं फौजेची जातवार मांडणी केली आणि महारांची भरती बंद केली. कोण लढाऊ जातीचा, कोण बिनलढाऊ, हे साहेबानं ठरवलं. ज्यांच्या बापांची नावं दगडावर कोरली त्यांनाच दरवाजा बंद. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी त्याच फौजेतले. फौजेतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली याविरुद्ध अर्ज लिहिला. १९१० साली पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी थेट विलायतेच्या भारतमंत्र्याकडे अर्ज केला. अर्ज, विनंत्या, दाखले. आमच्या बापजाद्यांनी तुमच्यासाठी रक्त सांडलं, आम्हाला परत घ्या.

मग पहिलं महायुद्ध आलं, माणसं कमी पडली. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, खर्च कमी करायचा होता. १९२१ ला ती मोडली. गरज सरो नि वैद्य मरो.

गिरणीत याला ब्रेक म्हणतात. ऑर्डर आली की माणसं घ्यायची, अकरा महिने झाले की काढायची. मी हे वाचत होतो तेव्हा माझा दहावा महिना चालू होता.

दुसरं महायुद्ध आलं तेव्हा बाबासाहेबांनी पुन्हा रेटा लावला. १९४१ च्या जुलैत ते संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. हा बिल्ला आमच्या घरात असायला हवा होता, असं मला फार वाटतं. नाही.

पणजा १९४२ साली गेला. का गेला, हे आज्याला विचारलं. माझ्या डोक्यात उत्तर तयार होतं. बाबासाहेबांचा शब्द, जातीची अब्रू, हातात बंदूक. आजा म्हणाला, "बांध फुटला व्हता. सावकाराचं देनं व्हतं. आनि बाबासायबांनी बी सांगितलं व्हतं." या क्रमानं. मी क्रम बदलायला गेलो तर म्हणाला, "आरं, मी सांगतोय तसं लिव."

त्या युद्धात हिंदुस्थानच्या फौजेत २५ लाखांवर माणसं होती. कुणावर सक्ती नव्हती, सगळे राजीखुशीनं आले, असं पुस्तकांत लिहितात. फुटलेल्या बांधाला सक्तीत मोजत नसावेत.

आता माझ्या कवितेसाठी वाईट बातमी. पणज्यानं जपानी माणूस कधी पाहिला नाही. जर्मनही नाही. महार रेजिमेंटची दुसरी पलटण ब्रह्मदेशात गेली. पहिली गेली वायव्य सरहद्दीवर, पठाणांच्या मुलखात. पणजा पहिलीत. चिखलातला माणूस दगडांत. सकाळी रस्ता उघडायचा म्हणजे दोन्ही बाजूच्या टेकड्यांवर चढून जायचं, दगडांची आडोशाची भिंत रचायची, दिवसभर खालचा रस्ता राखायचा, गाड्या गेल्या की उतरायचं. उतरताना गोळी येण्याची भीती जास्त. थंडी अशी की बंदुकीच्या लोखंडाला हात चिकटायचा. आज्याला त्यानं सांगितलेल्या गोष्टी एवढ्याच. कुणाला मारलं का? आज्यानं लहानपणी विचारलं होतं. तर पणजा म्हणाला होता, "दगडावर गोळ्या घातल्या. फुडचं दिसत न्हाई."

आणखी एक सांगितलं होतं. ते पठाण दगडांतून मका काढायचे. हातभर माती दिसली की तिला बांध घालायचे. टेकडीवरून तो ते दिवसभर बघत बसायचा. म्हणायचा, बांध चांगला घालतात. आणि याची बंदूक त्यांच्याकडं.

दोस्तहो, मला हे गिळायला जड गेलं. गावात त्याला 'इंग्रजाचा शिपाई' म्हणून टोमणे मिळायचे. आमच्याच भागात, चिरनेरला, २५ सप्टेंबर १९३० ला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, माणसं मेली. शेतकरी, आदिवासी. त्यांच्या हौतात्म्यापुढं मी मान खाली घालतो. पण टोमणा मारणारे त्यातले नव्हते. विहिरीवर आमच्या पणजीची घागर बाजूला सारणारे होते ते. त्यांना स्वातंत्र्य हवं होतं आणि पाणी वेगळं हवं होतं. याला काय उत्तर द्यायचं ते मला अजून नीट जमत नाही. पणज्यानं दिलं नाही. तो गप्प बसायचा.

मग पलटणीनं त्याला दिलं काय? आज्याला हा प्रश्न आवडला. हसला. म्हणाला, रांग.

लंगरात रांग लावायची, ताटली धरायची, जो आधी आला त्याला आधी. भाकरी हातावर टाकत नव्हते, ताटलीत ठेवत होते. पणज्याला वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं की त्याची पाळी येते. कुणी उरलंसुरलं शेवटी देत नाही, पाळी येते. सही करायला तिथं शिकला. आजारी पडला तर डॉक्टर नाडीला हात लावायचा. आणि बूट. जाड चामड्याचे, तळाला खिळे. महिनाभर पाय सोलपटले, कारण त्या पायांना तोवर खारातल्या चिखलाशिवाय काही लागलंच नव्हतं. मग बूट पायाला बसले. रोज घासून चकाकवायचे, नाहीतर शिक्षा. तो म्हणायचा म्हणे, साहेब तोंड बघत नाही, बूट बघतो.

हे चालू होतं तेव्हा दिल्लीत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते, जुलै १९४२ पासून. गिरणी कामगाराचा आठवडा ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ ची, तिच्यामागं त्यांचं काम होतं. मी बहात्तर तास भरतो. असो.

१९४६ च्या उन्हाळ्यात पणजा सुटून आला. पंधरा वर्षं नोकरी नाही, म्हणून पेन्शन नाही. हातावर काही रक्कम, एक पत्र्याची पेटी, एक घोंगडी, आणि बूट. दोन दिवस तो वाडीत बूट घालून फिरला. पोरं मागं. आजा सहा वर्षांचा. तो सांगतो, बुटाचा आवाज यायचा आणि म्हाताऱ्या बाया दारात यायच्या, कारण वाडीत असा आवाज म्हणजे फौजदार आला असंच वाटायचं.

जमीन गेली होती. चार वर्षं पणजीनं म्हाताऱ्या सासऱ्याला घेऊन बांध राखला, मग सासरा मेला. बाईमाणसाच्यानं उधाणाचा बांध होत नाही म्हणून खोतानं खाचरं दुसऱ्याला दिली. पावसाळा महिन्यावर आलेला. राब भाजायचे दिवस. पलटणीतून आणलेले पैसे देण्यात गेले. मग तिसऱ्या दिवशी पणजा आज्याचं बोट धरून खोताच्या घरी गेला.

इथं माझ्या कवितेत फरशी तडकते.

आज्यानं सांगितलं ते असं. खोत ओटीवर झोपाळ्यावर बसला होता. पणजा अंगणाच्या बेड्यापाशी थांबला. कोणी काही बोललं नाही. खोतानं काढ म्हटलं नाही. पणजाच खाली बसला. आता चप्पल असती तर दोष कळायच्या आत निघाली असती. बुटाला नाडी. पलटणीतली गाठ, घट्ट. तो बसला, एका पायाची नाडी सोडली, ओढून बूट काढला. मग दुसऱ्या. आजा म्हणतो, लई वेळ लागला. तेवढा वेळ झोपाळा हलत नव्हता. खोत बघत होता. मग दोन्ही बूट बेड्याबाहेर शेजारी शेजारी, टाचा जुळवून ठेवले, बराकीत ठेवतात तसे, आणि तो मोजे घालून आत गेला. मोजे काढायचं त्याला सुचलं नाही. खोत म्हणाला, "काय रं, लढाई जिंकलास म्हनं?" पणजा म्हणाला, "व्हय मालक."

आणि खाचरं मागितली. मिळाली. तोंडी. "कागद कशाला, मी काय परका हाय का?"

आजा बूट राखत बाहेर उभा होता. तो म्हणाला, "मला वाटलं, मी हातात घ्यावं न् पळून जावं."

पुढचं लवकर सांगतो, कारण ते आपल्या सगळ्यांच्या घरात सारखंच आहे. १९४८ साली कूळकायदा झाला. नाव लागायच्या आत खोतानं खाचरं काढून घेतली, घरची वहिवाट दाखवली. १ एप्रिल १९५७ ला कसणारे मालक झाले तेव्हा पणजा पनवेलात भाताच्या गिरणीत पोती उचलत होता. १९७० ला सिडको आली. जमिनीच्या भावासाठी लोक लढले, जानेवारी १९८४ ला जासईत आणि दास्तान फाट्यावर गोळीबारात पाच जण गेले, त्यातून साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाला. ज्याचं नाव सातबाऱ्यावर त्याला. पणज्याच्या खाचरांवर आज सेक्टर आहे. मी तिथून रिक्षानं जातो. उधाणाच्या पावसात तिथं तळमजल्यांत पाणी शिरतं, तेव्हा आजा विचारतो, "बांध कोन बगतंय?"

पणजा मी जन्मायच्या कितीतरी आधी गेला. पणजी मागं राहिली. कुणीतरी सांगितलं, महायुद्धातल्या शिपायांच्या बायकांना सरकार काही देतं. आजा तिला घेऊन एका कचेरीत गेला. डिस्चार्जचं पुस्तक आणा म्हणाले. पुस्तकाची माती झालेली. मग नंबर सांगा म्हणाले. पलटणीचा नंबर पणजीला कसा ठाऊक? ती म्हणाली, त्याच्या पायाचं माप सांगते. कारकून हसला. वाईट माणूस नव्हता तो, असं आजा म्हणतो. नंबराशिवाय त्याचाही हात चालत नव्हता.

आता माझं.

कविता वाचल्यावर तीन आठवड्यांनी मला ब्रेक मिळाला. अकरा महिने भरले होते. परत घेणार की नाही ते कंत्राटदार ठरवणार. घरात आज्याचं औषध, बहिणीची फी. मी त्याच्या ऑफिसला गेलो. नाव लिहीत नाही, त्याच्यासारखे दहा आहेत. काचेची केबिन, आत एसी, चकचकीत फरशी. पायात गिरणीचे सेफ्टी शूज होते, ते ब्रेक मिळाला की जमा करावे लागतात, तेही करायचे होते. दारापाशी पोचलो, आणि बघतो तर मी खाली बसलोय. डाव्या पायाची नाडी सोडलेली. उजवीची गाठ ओढतोय. दारावर पाटी नव्हती. कोणी सांगितलं नव्हतं. आतून त्याचा माणूस म्हणाला, "अरे, शूज कशाला काढतोयस? ये की तसाच."

मी तसाच गेलो, पण बूट काढून. एकदा काढलेले परत घालत बसायला जास्त लाज वाटली. अंगठ्यापाशी मोजा फाटलेला होता. परत घेतलं त्यानं, दोन महिन्यांनी.

ती कविता अजून फिरतेय. पोरं म्हणतात, पलटणीवाली वाच. मी दोनदा टाळलं. एका साथीला खरं सांगितलं, तर तो म्हणाला, खरं असेल रे, पण लोकांना उभं करायला बूट घातलेलेच पाहिजेत. कदाचित त्याचं बरोबर असेल. मी आज्याला विचारलं, कविता बदलू का? तो म्हणाला, "बुटांचं फुडचं तुला कुटं ठावं हाय?"

मग त्यानं बुटांचं पुढचं सांगितलं.

पणज्यानं त्यानंतर ते बूट पायात घातले नाहीत. पनवेलच्या खोलीत खुंटीला टांगले. पण दर रविवारी उतरवून तेल लावायचा, घासायचा. दहा वर्षं. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. बातमी वाडीत आली तशी वाडी रस्त्यावर आली. दुसऱ्या दिवशी दादरला अंत्ययात्रा. तेव्हा पनवेलला रेल्वे नव्हती. माणसं ट्रकला लोंबकळत ठाण्यापर्यंत, तिथून लोकलनं, मिळेल तशी. निघताना पणज्यानं खुंटीवरचे बूट काढले आणि आज्यासमोर ठेवले. म्हणाला, घाल. आजा सोळा वर्षांचा. बूट मोठे झाले. पुढं चिंध्या कोंबल्या. पणजा स्वतः अनवाणी.

दादरला माणसांचा समुद्र. आजा म्हणतो, चालत नव्हतो, आपसूक फुडं जात व्हतो. टाचा फुटून बुटात रक्त झालं. काढू का म्हणून दोनदा विचारलं, पणजा नाही म्हणाला. संध्याकाळी चौपाटीवर पोचले. वाळू. लांबून चितेचा उजेड दिसायला लागला. आजूबाजूची माणसं पायातलं काढत होती, जो तो आपापलं. तेव्हा पणजा आज्याला म्हणाला,

"आता काड. हितं काडायचं."

आजा वाळूत बसला. गाठ रक्तानं आवळली होती, सुटेना. तेव्हा पणजा खाली बसला आणि स्वतःच्या हातानं त्यानं पोराची नाडी सोडली. बूट शेजारी शेजारी ठेवले. टाचा जुळवून. मग दोघं पुढं गेले. तिथंच त्या गर्दीत हात जोडून दीक्षा घेतली.

परत फिरले तेव्हा बूट सापडले नाहीत. अंधार, लाखो पावलं, चपला-वहाणांचे ढीग पडलेले. आजा रडकुंडीला आला, वाळूत हातानं चाचपत राहिला. पणजा म्हणाला, "ऱ्हाऊ दे, कुनीतरी घातलं आसंल."

आणि दोघं अनवाणी दादर स्टेशनकडं चालू लागले.